जुन्या पिकअपच्या हौद्याची शेतावरची ट्रॉली

रबाळे एमआयडीसीत माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. ग्रिलं, जिने, पत्र्याच्या शेड अशी कामं. बाबांनी सुरू केला, गेली एकोणीस वर्षं मी चालवते. मामाची भातशेती मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला. निम्मी खाचरं ओढ्याच्या पलीकडे आहेत. तिथे ट्रॅक्टरची मोठी ट्रॉली नेली तर ती बांधावर वळत नाही आणि ओढ्याच्या उतारावर रुतते. मामाची जुनी जीप मात्र सगळीकडे फिरते. म्हणून कापणी झाली की पलीकडचे भारे डोक्यावरून खळ्यावर यायचे. मामा सदुसष्ट वर्षांचे झाले तरी स्वतः भारा उचलत. एका दिवाळीत ते मला म्हणाले, "अगं, तू लोकांच्या शेडा बांधतेस, मला जीपमागे ओढायला काहीतरी बांधून दे की." तिथून हे काम सुरू झालं. आज ट्रॉली चौथा हंगाम ओढते आहे. कोणाला बांधायची असेल तर जसं केलं तसं सांगते, आणि जिथे चुकलं तेही.

आधी कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या शब्दातच ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर ओढायची असेल तर तिला नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी मान्यता मिळालेली बनावट लागते. गाळ्यात बांधलेल्या एकुलत्या एका ट्रॉलीला ते जमत नाही. मामाची जमीन सलग आहे, खळंही त्याच जमिनीत, त्यामुळे आमची ट्रॉली रस्त्याला लागत नाही. तुमच्या शेताच्या मधून डांबरी रस्ता जात असेल तर नोंदणी झालेली तयार ट्रेलरच घ्या.

हौदा मी शीळफाट्याकडच्या एका भंगारवाल्याकडून घेतला. डबल केबिन पिकअपचा, दीड मीटर लांब आणि जवळजवळ तेवढाच रुंद. साडेआठ हजार पडले. लोखंडाच्या भावापेक्षा जास्त दिले, पण फाळका सरळ होता आणि त्याचे बिजागर चालू होते. फाळका वाकलेला असेल तर हौदा घेऊ नका. तो सरळ करण्यात दोन दिवस जातात आणि तरी तो कडीत नीट बसत नाही. गंज बघायचा तो वरून नाही. वरून भंगारवाल्याने रंग मारलेला असतो. हौद्याखाली झोपा, चाकांच्या कमानीच्या आतल्या बाजूने स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबत जा. टोक आत गेलं तर पत्रा संपलेला आहे. तळाच्या पन्हळींवर हातोडीने हलकं वाजवा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. आमच्या हौद्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढं भोक निघालं. ते मी कापून तिथे दोन मिलिमीटरचा तुकडा बसवला.

बिल मागा, आणि त्यावर हौदा ज्या गाडीचा होता तिचा नंबर लिहून घ्या. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने ते नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं, कायद्याच्या कलम ५५ मध्ये तसं आहे. ते कागद ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडूनच माल घ्यावा. चोरीच्या गाडीचा हौदा गाळ्यात उभा राहायला नको.

आता वजनाचं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवावा. वेल्डिंग कुणीही शिकतो. ट्रॉली जीपमागे सरळ येणार की शेपटीसारखी हलणार, हे वजन कुठे बसलंय यावर ठरतं. एकूण वजनाचा दहावा हिस्सा, फार तर पंधरा टक्के, दांडीच्या टोकावर, म्हणजे जीपच्या हुकावर यायला हवा. त्याहून कमी आला तर उतारावर ट्रॉली डावी-उजवी झुलायला लागते. वजन एक्सलच्या मागे गेलं तर ती जीपची शेपटी वर उचलते आणि मागच्या चाकांची पकड जाते. फार जास्त आला तर जीपचे मागचे पाटे बसतात आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टीअरिंग ऐकत नाही.

साधी ट्रॉली बांधताना एक्सल थोडं मागे सरकवून हे साधतात. पिकअपच्या हौद्यात मात्र चाकांच्या कमानी आधीच ठरलेल्या असतात. एक्सल तिथेच यावं लागतं. माझ्या हौद्याचा मध्य कमानीच्या मध्यापासून आठ सेंटिमीटर मागे निघाला. म्हणजे हौदा जसा आहे तसा मागे जड. हे कागदावर काढल्याशिवाय कळलं नसतं.

हिशेब तराजूचाच आहे. एक्सल हा तराजूचा टेकू धरा. प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले तिचं एक्सलपासूनचं अंतर. पुढच्या बाजूचं अधिक, मागच्या बाजूचं उणे. बेरजेला एक्सलपासून हुकापर्यंतच्या अंतराने भागलं की हुकावरचं वजन मिळतं. माझे आकडे देते. एक्सल ते हुक २२० सेंटिमीटर. हौदा १६५ किलो, ८ सेंटिमीटर मागे, म्हणजे उणे १,३२०. पुढचा दांडीचा त्रिकोण ४५ किलो, मध्य १२० सेंटिमीटर पुढे, म्हणून ५,४००. हौद्याला लागून दांडीवर हत्यारांची पेटी, भरलेली ४० किलो, ९२ सेंटिमीटरवर: ३,६८०. पेटीच्या पुढे उभी स्टेपनी, २२ किलो, १२७ सेंटिमीटरवर: २,७९४. बेरीज १०,५५४. भागिले २२०, म्हणजे ४८ किलो. खालचा सांगाडा, एक्सल, पाटे आणि चाकं मिळून १५५ किलो एक्सलच्या आसपासच असल्याने ते धरलं नाही. रिकामी ट्रॉली सगळी मिळून ४२७ किलो. ४८ किलो म्हणजे अकरा टक्के. बरोबर.

मग मालाचा विचार. भाताच्या पन्नास किलोच्या पाच गोणी, २५० किलो. त्यांचा मध्य एक्सलच्या १८ सेंटिमीटर पुढे ठेवला तर हुकावर आणखी २० किलो येतात. एकूण ६७७ किलोवर ६८. पुन्हा दहावा हिस्सा. म्हणून हौद्याच्या आत मी पांढऱ्या रंगाने एक आडवी रेघ मारली आहे. तीन गोणी रेघेच्या पुढे, दोन रेघेवर. मामाच्या गड्यांना आकडे सांगावे लागत नाहीत, रेघ पुरते.

पेटी आणि स्टेपनी पुढे का, हे आता लक्षात आलं असेल. स्टेपनी फाळक्याच्या मागे टांगलेली बघायला बरी दिसते, पण ती तिथे गेली तर माझे हुकावरचे २२ किलो तरी कमी होतात. बांधून झाल्यावर खात्री करायची. घरातला माणसांचा वजनकाटा घ्या, दांडीचं टोक जीपच्या हुकाच्या उंचीवर येईल अशा लाकडी ठोकळ्यावर टेकवा आणि ठोकळा काट्यावर ठेवा. जमीन सपाट हवी. माझा काटा ठोकळा वजा करून ४६ दाखवत होता. दोन किलोचा फरक मी पेटीत साखळी टाकून भरून काढला.

चाकं जीपचीच हवीत. हे मी जुन्या लष्करी ट्रेलरवरून शिकले. दुसऱ्या महायुद्धात जीपमागे पाव टनाची जी छोटी ट्रेलर लावत, तिची चाकं आणि टायर जीपचेच होते. त्यात मोठं शहाणपण आहे. एक स्टेपनी दोघांना चालते, एकच पान्हा लागतो. दुसरं म्हणजे, दोन चाकांमधलं अंतर जीपएवढंच ठेवलं तर ट्रॉली जीपच्या चाकोरीतून येते. चिखलात जीपने वाट दाबलेली असते, ट्रॉलीला नवीन चिखल तुडवावा लागत नाही. मामाच्या जीपला पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला तुंबा, त्याच मापाचे घेतले.

पिकअपचं मागचं एक्सल तसंच वापरावं का, असं पुष्कळ जण विचारतात. त्यात मधोमध डिफरन्शियलचा गोळा लोंबतो. बांधावरून जाताना आधी तोच टेकतो, आणि कामाचं काही न करता वजन वाढवतो. वापरायचंच असेल तर आधी हाफ शाफ्ट, म्हणजे गोळ्यापासून चाकापर्यंत जाणारे दांडे, कसे आहेत ते बघा. काही एक्सलमध्ये चाक शाफ्टवरच बसलेलं असतं. तिथे शाफ्ट काढला तर चाकच निघून येतं. ज्यात हब नळीवर स्वतःच्या बेअरिंगवर फिरतो, त्यातले शाफ्ट काढून तोंडाला झाकणं लावता येतात. मी हा घोळ टाळला. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पन्नास मिलिमीटरचा चौकोनी भरीव बार आणला. मीटरला जवळजवळ वीस किलो भरतो. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवर दोन्ही टोकं बेअरिंगच्या मापाने काढून घेतली. टोक जिथे बारीक होतं तिथे काटकोनी पायरी ठेवू देऊ नका, गोलाई ठेवायला सांगा. चीर नेहमी त्या तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होते.

बेअरिंग टेपर रोलरची. बसवताना हब हाताने फिरवत नट घट्ट करायचा, मग सुमारे एक-षष्ठांश फेरा सैल करायचा आणि नवी कॉटर पिन घालायची. जुनी पिन पुन्हा वापरू नका. हब मोकळा फिरला पाहिजे, पण चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखड येता कामा नये.

पाट्यांची गोष्ट थोडक्यात. टनभर मालासाठीचे पाटे पाव टनाखाली दबतच नाहीत. ट्रॉली चेंडूसारखी उडते आणि गोणी बाहेर पडतात. मला मिळालेले पाटे सात-सात पानांचे होते. पहिली दोन पानं आणि खालची दोन ठेवली, मधली तीन काढली. पाट्यावर वेल्डिंग कधीही करू नका, साधा टॅक, म्हणजे वेल्डिंगचा ठिपकासुद्धा नाही. ते पोलाद तापलं की तिथेच ठिसूळ होतं. यू-बोल्ट नवेच घ्या. पुढचं टोक पक्कं, मागचं शॅकलवर. पाटे एक्सलच्या वर बसवले तर ट्रॉली उंच होते, खाली बसवले तर बुटकी. मी वर बसवले, कारण ओढ्यातले दगड. त्यासाठी डोलण्याचा थोडा धोका पत्करला आणि माल हौद्याच्या काठाच्या वर भरायचा नाही असं ठरवलं. भाताचे भारे हलके असतात, ते चालतात.

सांगाडा ७५ बाय ४० च्या सी-चॅनेलचा. मीटरला सात किलोच्या आसपास. दोन लांब, चार आडवे. फक्त टॅक मारून दोन्ही कर्ण मोजा. माझ्या पहिल्या मोजणीत सहा मिलिमीटरचा फरक होता. हातोडीने सारून दोनवर आणला, मगच पूर्ण वेल्डिंग. एका कोपऱ्यात सगळं वेल्डिंग संपवून पुढच्या कोपऱ्यावर जाऊ नका. समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून घ्या, नाहीतर सांगाडा पिळतो. चाकं एका रेषेत आहेत का, हे दांडीच्या टोकाच्या मध्यापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावून बघा. दोन्ही अंतरं सारखी आली नाहीत तर ट्रॉली कायम तिरकी चालेल आणि टायर खाईल.

दांडीच्या त्रिकोणाचे पाय हौद्याच्या पुढच्या आडव्या चॅनेलपाशी संपवू नका. ते मागे, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटपर्यंत न्या. ओढ जिथून लागते ती आणि भार जिथे बसतो ती जागा एकाच लोखंडाने जोडलेली हवी. हे मी केलं होतं, आणि तरी पहिल्या हंगामात दांडीला चीर गेली. त्याचं कारण वेगळं. पाय पुढच्या आडव्या चॅनेलखालून जातात तिथे मी पायाच्या खालच्या पाकळीवर काठापासून काठापर्यंत आडवं वेल्डिंग ओढलं होतं. वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण त्याच जागी येतो, आणि आडवी रेघ म्हणजे चिरेला आयती वाट. त्यात जुलैचा महिना होता. ७०१८ या प्रकारचे वेल्डिंगचे रॉड उघड्या पुडक्यातून काढून तसेच वापरले. ते रॉड हवेतला ओलावा पितात आणि तो ओलावा वेल्डमध्ये जातो. नवी मुंबईच्या पावसाळ्यात ते भट्टीत सुकवल्याशिवाय वापरायचे नाहीत हे मी कामगारांना रोज सांगते. घरच्या कामात मीच घाई केली. नशीब, मामांनी चिखल धुताना केसाएवढी रेघ बघितली आणि ट्रॉली उभी केली. त्या दिवशी ती भरलेली असती तर ओढ्यात दांडी तुटली असती.

दुरुस्ती अशी केली. चिरेच्या दोन्ही टोकांना सहा मिलिमीटरची भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही. चीर ग्राइंडरने खोल व्ही आकारात खोदली. रॉड तीनशे अंशांच्या आसपास तासभर सुकवले, भरून घेतलं, वरून घासून सपाट केलं. मग पतंगाच्या आकाराची सहा मिलिमीटरची पट्टी वर ठेवून तिच्या तिरक्या कडांवर वेल्डिंग. पट्टीची टोकं मोकळी सोडली, आडवं वेल्डिंग कुठेही नाही. पट्टी तिरकी असल्याने ताण एका रेषेत साचत नाही. आता नवीन ट्रॉली बांधली तर पाय आणि आडवं चॅनेल जोडताना वेल्डिंग फक्त पायाच्या उभ्या अंगावर, लांबीच्या दिशेनेच करीन.

हौदा सांगाड्यावर वेल्ड करू नका. त्याचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा. शेतात सांगाडा थोडा पिळणारच, आणि वेल्ड केलेला हौदा त्या जागी फाटतो. सहा ठिकाणी बारा मिलिमीटरचे ८.८ ताकदीच्या दर्जाचे बोल्ट, नायलॉक नट, मोठे वॉशर, आणि मध्ये जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे. बेल्ट भंगारात सहज मिळतो आणि रबरापेक्षा जास्त टिकतो.

जोड कसला हवा? रस्त्यावरच्या ट्रेलरचा गोल बॉल शेतात अडतो, कारण जीप एका बाजूला कलली आणि ट्रॉली दुसऱ्या बाजूला की बॉलचा पिळण्याचा वाव संपतो. मी जीपला पिंटल हुक, म्हणजे कडं अडकवून वरून बंद होणारा जाड आकडा, लावला आणि दांडीला जाड कडं. खडखड वाजतं, पण कुठेही अडत नाही. कडं कापून वेल्ड केलेलं नको, घडीव घ्या. शिवाय दोन साखळ्या, दांडीखाली एकमेकींना छेदून जीपच्या चॅसीला अडकवलेल्या. हुक सुटला तर दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. वळताना जीपचा बंपर स्टेपनीला लागतो का, हे पत्र्यावर खडूने आखून आधीच बघा. हुकापासून स्टेपनीपर्यंत माझ्याकडे ८३ सेंटिमीटर मोकळे आहेत आणि काटकोनात वळूनही जीप लागत नाही.

ब्रेक लावलेला नाही. म्हणून ट्रॉली चालत्या माणसाच्या वेगाने आणि मालासकट पावणेसातशे किलोच्या आसपासच. ओढ्याच्या उतारावर भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना जीप लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला, क्लच दाबायचा नाही. मामांना हे सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच मला शिकवलं. ट्रॉली सोडताना आधी चाकांना लाकडी ठोकळे, मग हुक.

रंगात वेळ घालवला तर सार्थकी लागतो. वायर ब्रश, रेड ऑक्साइडचे दोन हात, वर इनॅमल. चॅनेलचं उघडं तोंड खाली ठेवा, वर ठेवलंत तर त्यात पाणी आणि माती साचते. हौद्याच्या तळाला चार भोकं पाडून त्यांच्या कडाही रंगवल्या. जस्त चढवलेल्या पट्टीवर वेल्डिंग करायची वेळ आली तर जस्त आधी घासून काढा. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो.

रबाळ्याहून ट्रॉली टेम्पोतून नेली. इथे हायड्राने चढवली, तिकडे क्रेन कुठून आणणार? मामांनी टेम्पो बांधाला उलटा लावायला सांगितला, टेम्पोच्या हौद्याची उंची आणि बांधाची उंची जवळजवळ सारखी. दोन फळ्या टाकून चौघांनी ढकलली.

पहिल्या दिवशी तासभर चालवल्यावर सगळे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळले. यू-बोल्ट अर्धा फेरा आत गेले. हबला तळहात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेअरिंग फार आवळलं आहे. ओढ्यात उतरण्याआधी हब तापलेला असेल तर पाच मिनिटं थांबा. गरम हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दरवर्षी दसऱ्यानंतर, कापणीच्या आधी, मी एक रविवार तिकडे जाते. हब उघडून जुनं ग्रीस पुसते आणि नवं भरते. मागच्या वर्षी उजव्या हबमधलं ग्रीस दुधाळ निघालं, पाणी शिरलं होतं, सील बदललं. मग दांडीखाली झोपून टॉर्चने ती पतंगाची पट्टी बघते. तोवर मामा जीप चालू करून उभे असतात.